विक्री वाढते, खाते मात्र रिकामे: दूध संकलनातील एका स्टार्टअपचा टिकाऊ उद्योग कसा करावा?

घडीव (धागाकर्ता)

नमस्कार.

पुण्याजवळच्या एका लहान कंपनीच्या कारभारात मी सध्या सल्लागार म्हणून लक्ष घालतो आहे. दूध संकलन केंद्रावर फॅट, एसएनएफ (फॅट वगळून दुधातील घन पदार्थ) आणि वजन मोजणाऱ्या यंत्रांकडून आकडे घ्यायचे, दूध संघाच्या दरपत्रकानुसार रक्कम काढायची, उत्पादकाच्या हाती पावती द्यायची आणि तोच हिशेब संघाच्या कार्यालयात पोहोचवायचा, अशी कामे करणारे उपकरण व त्याचे सॉफ्टवेअर ही कंपनी बनवते. दोन तरुण अभियंत्यांनी सहा वर्षांपूर्वी ती काढली. आज वर्षाची विक्री सुमारे ४ कोटी रुपयांची आहे, तीसेक माणसे कामावर आहेत आणि सांगली, कोल्हापूर, सातारा व सोलापूर या जिल्ह्यांतील सहकारी संघ आणि खासगी डेअऱ्या हे मुख्य ग्राहक आहेत. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. प्रमाण मात्र तेच ठेवले आहे.

हिशेबाच्या वह्यांत आठ टक्के नफा दिसतो. तरीही पगाराची तारीख जवळ आली की दोघांपैकी एकाला घरची मुदतठेव मोडावी लागते. बिल काढले की त्यावरचा जीएसटी पुढच्या महिन्यात सरकारकडे भरावाच लागतो, मग ग्राहकाने पैसे दिलेले असोत वा नसोत. परदेशातून येणाऱ्या सुट्या भागांची रक्कम आगाऊ द्यावी लागते. दोघांच्या मते यावर एकच उपाय आहे: बाहेरचे भांडवल घ्यावे, गुजरात आणि कर्नाटकात शिरावे आणि विक्री तिप्पट करावी.

मला हे पटत नाही, आणि त्याचे कारण साध्या हिशेबात आहे. ग्राहकाकडून पैसे येण्यास सरासरी १२० दिवस लागतात. ४ कोटींच्या विक्रीवर १२० दिवसांची येणी (ग्राहकांकडून यायची रक्कम) म्हणजे सुमारे १ कोटी ३१ लाख रुपये कायम बाहेर अडकलेले. विक्री ६ कोटींवर नेली आणि वसुलीची चाल तीच राहिली, तर येणी १ कोटी ९७ लाखांवर जातात. म्हणजे ६६ लाख रुपये नव्याने अडकतात. सहा कोटींवर आठ टक्के नफा धरला तरी तो ४८ लाख होतो, तोही करापूर्वीचा. वाढीव माल, वाढीव माणसे आणि नव्या राज्यातील प्रवासखर्च तर या हिशेबात अजून धरलेलेच नाहीत. याचा अर्थ, जितकी विक्री वाढेल तितकी ही कंपनी अधिक अडचणीत येईल, आणि बाहेरून आलेले भांडवल नवे उत्पादन घडवण्याऐवजी ग्राहकांची उधारी पोसण्यात जाईल.

दुसरी अडचण निर्णयांची आहे. संकलन सकाळी आणि संध्याकाळी ठरावीक वेळेत चालते आणि त्या वेळेत यंत्र बंद पडले तर केंद्रावर कॅन घेऊन आलेल्या उत्पादकांची रांग थांबते. त्यामुळे सकाळी सहाला जो फोन येतो तो थेट संस्थापकाला येतो, कारण दोष नेमका कुठे आहे हे तोच सांगू शकतो. पाच हजारांच्या खरेदीवरही त्याचीच सही लागते. तो आठवडाभर आजारी पडला तर कंपनीही आठवडाभर आजारी पडते.

उत्पादन, विक्री, हिशेब, माणसे या सगळ्यांतच काही ना काही करायचे आहे, पण सगळे एकदम हाती घेतले तर काहीच पुरे होणार नाही. कोणते काम आधी आणि कोणते मागाहून, हे ठरवण्यासाठी जाणकारांची मते हवी आहेत.

ताळेबंद

आपला हिशेब बरोबर आहे आणि क्रम मी वसुलीपासूनच धरीन. चार कोटींवर १२० दिवसांचे ७५ दिवस केले तरी जवळपास ४९ लाख रुपये मोकळे होतात. हे पैसे कंपनीचेच आहेत; त्यांच्यावर व्याज नाही आणि त्यांच्या बदल्यात कुणाला हिस्साही द्यावा लागत नाही. बाहेरच्या भांडवलाचा विचार त्यानंतर करावा.

कंपनीची उद्यम नोंदणी, म्हणजे सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांसाठीची (एमएसएमई) सरकारी नोंदणी, आहे का, हे प्रथम पाहावे. आपल्या आकड्यांवरून ती सूक्ष्म उद्योगात बसेल असे वाटते. १ एप्रिल २०२५ पासून सूक्ष्म उद्योगासाठी यंत्रसामग्रीतील गुंतवणुकीची मर्यादा अडीच कोटी आणि उलाढालीची मर्यादा १० कोटी झाली आहे. नोंदणी असेल तर २००६ च्या एमएसएमई विकास कायद्याचे संरक्षण मिळते: लेखी करार असला तरी ग्राहकाला ४५ दिवसांपेक्षा अधिक मुदत घेता येत नाही, करार नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात, आणि उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज देणे लागते. आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून १९६१ च्या आयकर कायद्यात ४३ बी (एच) म्हणून आलेल्या तरतुदीमुळे, सूक्ष्म व लघु उद्योगाची रक्कम मुदतीत न देणाऱ्याला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत वजा मिळत नाही. खासगी डेअऱ्यांच्या लेखापालांना ही तरतूद चांगलीच ठाऊक असते. मार्च महिन्यात त्यांना नम्रपणे आठवण करून दिली तरी फरक पडतो. ज्या सहकारी संस्थेला करपात्र नफाच उरत नाही तिला मात्र या तरतुदीची झळ बसत नाही, हे ध्यानात ठेवावे.

व्याजाचा दावा प्रत्यक्ष करावा का, हा वेगळा प्रश्न आहे. ज्या ग्राहकाकडे पुढच्या वर्षी पुन्हा जायचे आहे त्याच्यावर सुविधा परिषदेत (या कायद्याखाली थकबाकीचे वाद सोडवणाऱ्या मंडळात) दावा लावणे बहुतेकांना परवडत नाही. त्यामुळे कायद्याचा उल्लेख कराराच्या मसुद्यात आणि प्रत्येक बिलाच्या तळाशी असावा. बहुतेक वेळा तेवढ्याने काम भागते.

आणखी एक गोष्ट. महिन्याचा हिशेब पुढच्या महिन्याच्या दहा तारखेपर्यंत बंद व्हायला हवा आणि त्यात येणी किती दिवसांची आहेत हा आकडा पहिल्या पानावर असायला हवा. ऑनलाइन शिक्षण देणाऱ्या बायजूज या कंपनीची जी वाताहत झाली तिची कारणे अनेक आहेत, परंतु २०२२ मध्ये २२ अब्ज डॉलर मूल्यांकन असलेल्या त्या कंपनीचे २०२०-२१ चे लेखे वर्ष संपल्यावर बाहेर यायलाच दीड वर्ष लागले होते, जून २०२३ मध्ये लेखापरीक्षकांनी काम सोडले आणि जुलै २०२४ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. चार कोटींच्या कंपनीला हे उदाहरण मोठे वाटेल, पण वेळेवर लेखे लिहिण्याची सवय चार कोटींवर लागली नाही तर चाळीस कोटींवर ती लावणे फार जड जाते.

तिरकस

आपण दोघेही सावध माणसे दिसता, म्हणून थोडी दुसरी बाजू मांडतो.

ज्या संघाने एका कंपनीची उपकरणे शेकडो केंद्रांवर बसवली, तो संघ ती अनेक वर्षे बदलत नाही. केंद्रांच्या सचिवांना त्याच पडद्याची सवय झालेली असते, जुना हिशेब त्याच सॉफ्टवेअरमध्ये असतो आणि बदल करायचा तर संचालक मंडळाला कारण द्यावे लागते. म्हणजे या बाजारात जो आधी शिरला तो टिकला. आपण दोन वर्षे घर आवरत बसलात आणि तेवढ्यात एखाद्या भांडवलवान कंपनीने दोन राज्यांतील संघ बांधून घेतले, तर आपली आवरलेली कंपनी चार जिल्ह्यांतच राहील. काही धंद्यांत तोटा सोसून वाढणे हाच शहाणपणा असतो.

शिवाय बाहेरचे भांडवल म्हणजे संकट ही समजूतही तपासून घ्यावी. नाशिकजवळच्या मोहाडीच्या सह्याद्री फार्म्स या शेतकऱ्यांच्या कंपनीने २०२२ मध्ये युरोपातील गुंतवणूकदारांकडून ३१० कोटी रुपये घेतले. त्यामुळे ती कंपनी शेतकऱ्यांची राहिली नाही असे कुणी म्हणत नाही.

घडीव

तिरकस, आपला पहिला मुद्दा मला मान्य आहे. एकदा बसलेले उपकरण सहज निघत नाही. परंतु त्याच कारणाने ग्राहकाची निवड अधिक जपून करावी लागते. उशिरा पैसे देणारा संघही मग अनेक वर्षे आपल्याच गळ्यात राहतो. आज एका संघाकडे कंपनीची ४५ टक्के विक्री आहे आणि सर्वांत जुनी येणीही त्याच्याचकडे आहेत.

सह्याद्रीचे उदाहरण तर माझ्या बाजूचे आहे. ती कंपनी २०१० च्या सुमारास उभी राहिली. एवढी मोठी रक्कम घेतली तेव्हा तिच्यामागे द्राक्षनिर्यातीचा दशकभराचा अनुभव होता, प्रक्रिया केंद्र होते आणि युरोपातील खरेदीदार होते. पुण्याच्या क्विक हीलचेही तसेच आहे. काटकर बंधूंनी दुरुस्तीच्या कामावर घर चालवत १९९० च्या दशकाच्या मध्यात अँटिव्हायरस बाजारात आणले, बाहेरचे ६० कोटी रुपये २०१० मध्ये घेतले आणि २०१६ मध्ये कंपनी शेअर बाजारात आली. या दोन्ही ठिकाणी भांडवल आले तेव्हा ते कुठे लावायचे हे ठरलेले होते. आमच्याकडे आलेला पैसा आज कुठे जाईल ते वर हिशेबात दिलेच आहे.

कृष्णाकाठ

मी एका दूध संघाच्या खरेदी विभागात बरीच वर्षे काम केले आहे, म्हणून टेबलाच्या पलीकडून काय दिसते ते सांगतो.

पुरवठादारांना वाटते की संघ मुद्दाम पैसे अडवतो. तसे कधी होतेही, विशेषतः संघाची निवडणूक तोंडावर असली की नवे संचालक येईपर्यंत कुणीच सही करायला धजत नाही. परंतु बहुतांश बिले अडतात ती कागदासाठी. समजा, चाळीस केंद्रांवर उपकरणे बसवायची आहेत. माल एका दिवशी येतो, जोडणी मात्र महिनाभर चालते, आणि प्रत्येक केंद्राच्या सचिवाची सही असलेला जोडणी अहवाल आल्याशिवाय आमचा विभाग बिल पुढे पाठवत नाही. तंत्रज्ञ अहवाल गाडीत ठेवून फिरत राहतो. चाळीसपैकी सदतीस अहवाल आले तरी तिघांसाठी सगळे बिल पडून राहते. मग कुठे तरी खरेदी आदेशाचा क्रमांक चुकलेला असतो, कुठे मालाचे वर्णन आदेशाशी जुळत नाही. तोवर संचालक मंडळाची मासिक सभा होऊन गेलेली असते, म्हणजे आणखी एक महिना.

आपल्या १२० दिवसांपैकी संघाचे किती आणि कंपनीचे स्वतःचे किती, हे कधी वेगळे काढले आहे का? माल निघाल्यापासून बरोबर बिल आमच्या टेबलावर येईपर्यंतचे दिवस मोजून पाहावेत. माझ्या अंदाजाने त्यातच चाळीस-पन्नास दिवस निघतील, आणि ते कमी करण्यासाठी कुठल्याही कायद्याची गरज नाही. एका आदेशाचे एकच बिल करण्याऐवजी दहा-दहा केंद्रांचे तुकडे करून बिले द्यावीत, आणि त्या तुकड्यांची तरतूद खरेदी आदेशातच करून घ्यावी. जोडणी अहवाल कागदावर न घेता आपल्याच उपकरणातून, सचिवाच्या मोबाईलवर संकेतांक पाठवून घेतला तर त्याच संध्याकाळी आमच्याकडे पोहोचेल. जी कंपनी रोज हजारो लिटर दुधाचा हिशेब बिनचूक पाठवते तिचे स्वतःचे जोडणी अहवाल गाडीच्या डिकीत असतात, याचे मला नेहमी नवल वाटत आले आहे.

श्टुटगार्टकर

मी जर्मनीत एका मध्यम आकाराच्या, तिसऱ्या पिढीच्या यंत्रनिर्मिती कंपनीत काम करतो. इथल्या दोन प्रथा या चर्चेला उपयोगी पडतील असे वाटते.

एक म्हणजे लवकर पैसे देणाऱ्याला सूट, जिला इथे स्कोन्टो म्हणतात. बिलावर छापलेलेच असते की दहा किंवा चौदा दिवसांत भरल्यास दोन टक्के कमी द्यावेत, अन्यथा तीस दिवसांत पूर्ण रक्कम द्यावी. इथला कुठलाही लेखापाल ती सूट सोडत नाही. महाराष्ट्रात दूध उत्पादकांचे बिल दर दहा दिवसांनी निघते, म्हणजे संघाकडे दहा दिवसांचे चक्र आधीपासूनच चालू आहे. त्या चक्राला आपले बिल जोडता आले तर उत्तम.

दुसरी प्रथा प्रोकुरा. मालक आपल्या विश्वासातील अधिकाऱ्याला कंपनीच्या वतीने व्यवहार करण्याचे व्यापक अधिकार देतो आणि त्याची नोंद व्यापार निबंधकाकडे जाहीरपणे होते. पुष्कळ ठिकाणी हे अधिकार दोघांना मिळून दिलेले असतात, म्हणजे दोन सह्यांशिवाय व्यवहार पुरा होत नाही. आमच्या कंपनीचे मालक महिनाभर सुटीवर जातात आणि त्या काळात मोठमोठे करारही होतात. भारतात नेमकी अशी नोंदणी नसली तरी संचालक मंडळाच्या ठरावाने अधिकारांची वाटणी करता येते. महत्त्वाचे हे की ती लिखित आणि सर्वांना माहीत असलेली असावी. "तू बघ रे" एवढ्या तोंडी शब्दांवर दिलेला अधिकार पहिल्याच चुकीला परत घेतला जातो.

ताळेबंद

लवकर पैसे देणाऱ्याला सवलत देण्याच्या प्रथेला माझे अनुमोदन, एक-दोन आकडे जोडून. जो ग्राहक एरवी १२० दिवसांनी पैसे देतो त्याने दोन टक्के सवलतीसाठी ते दहाव्या दिवशी दिले, तर कंपनीला तो पैसा वार्षिक सुमारे ६.८ टक्के खर्चाने ११० दिवस आधी मिळाला असे होते. कॅश क्रेडिटचा, म्हणजे बँकेच्या खेळत्या भांडवलाच्या कर्जाचा, दर सहसा याहून जास्त असतो. मात्र जो ग्राहक आधीच ३० दिवसांत पैसे देतो त्याला हीच सूट दिली तर कंपनीचा खर्च वार्षिक ३७ टक्क्यांच्या घरात जातो. तेव्हा ती सरसकट देऊ नये. सवलतीची अट विक्रीच्या करारातच लिहून ठेवावी, म्हणजे पुढे क्रेडिट नोट (बिलाची रक्कम कमी करणारा कागद) काढताना जीएसटीचा वाद राहत नाही.

मोठ्या खासगी डेअऱ्यांच्या बाबतीत ट्रेड्सचा (TReDS, बिलांवर आगाऊ पैसे मिळवून देणारा ऑनलाइन मंच) मार्गही तपासावा. कंपनी कायद्याखाली नोंदलेल्या आणि २५० कोटींहून अधिक उलाढाल असलेल्या कंपन्यांना या मंचावर नोंदणी करणे बंधनकारक झाले आहे. ग्राहकाने बिल मान्य केले की तिथे बँका त्यावर बोली लावतात आणि आपल्याला व्याज वजा जाऊन पैसे लगेच मिळतात. व्याजाचा दर ग्राहकाच्या पतीवर ठरतो आणि पुढे ग्राहकाने पैसे बुडवले तरी बँक आपल्याकडे येत नाही. सहकारी संघांवर ही सक्ती नाही, त्यामुळे तिथे कृष्णाकाठ यांनी सांगितलेलाच रस्ता धरावा लागेल.

एवढे करूनही खेळते भांडवल कमी पडले तर बँकेकडे जावे. सीजीटीएमएसई या लहान उद्योगांच्या कर्जांना हमी देणाऱ्या न्यासाच्या हमीवर तारण न देता कर्ज मिळू शकते. एप्रिल २०२५ पासून या हमीची मर्यादा १० कोटी आहे. पण वसुली सुधारण्याआधी कर्ज घेतले तर मुदतठेवीऐवजी बँकेचे पैसे त्याच खड्ड्यात जातील.

वारणेची वाट

मी इचलकरंजीत विजेच्या नियंत्रण पॅनेलांचा लहान कारखाना चालवते. धाग्यात पैशाची चर्चा पुष्कळ झाली, मला उत्पादनाविषयी विचारायचे आहे. आपल्या उपकरणाच्या सॉफ्टवेअरच्या किती आवृत्त्या सध्या वेगवेगळ्या केंद्रांवर चालू आहेत?

हे विचारण्याचे कारण असे की आमच्याकडे प्रत्येक ग्राहकाला हवा तसा बदल करून देण्याची प्रथा होती आणि त्याचा आम्हाला अभिमानही होता. मग एकदा दुरुस्तीचा खर्च ग्राहकवार मांडला, तेव्हा ज्यांच्यासाठी सर्वाधिक बदल केले त्यांच्याच कामांत तोटा आहे असे दिसले. आता आमची चार प्रमाणित पॅनेले आहेत. याबाहेरचे हवे असेल तर त्याचा वेगळा दर आणि वेगळी मुदत असते. दोन ग्राहक सोडून गेले. बाकीच्यांनी थोडी कुरकुर करून चारांपैकी एक निवडले.

घडीव

आपण नेमक्या ठिकाणी बोट ठेवले आहे. तेवीस आवृत्त्या आहेत. गायीच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ या पायावर काढतात हे सगळीकडे सारखेच. पण त्याच्या वर-खाली किती पैसे वाढवायचे आणि किती कापायचे, हे प्रत्येक संघाचे वेगळे असते. पावतीवर कुणाला संस्थेचे बोधचिन्ह हवे, कुणाला पशुखाद्याची बाकी हवी. प्रत्येक मागणीसाठी मूळ सॉफ्टवेअरमध्येच बदल केले गेले. त्यामुळे एका आवृत्तीतील दोष दुरुस्त केला की बावीस ठिकाणी तो हाताने दुरुस्त करावा लागतो, आणि कुठे काय केले ते संस्थापकाच्याच डोक्यात असते. सकाळच्या फोनचे मूळ इथे आहे. सॉफ्टवेअर एकच ठेवून दरपत्रक आणि पावतीचा नमुना संघानेच भरायचा, अशी रचना करण्याचे काम आता त्यांनी हाती घ्यावे, असे मी सुचवले आहे. ते पुरे होईपर्यंत नवा बदल कुणासाठीही करायचा नाही.

जाग्यावर दुरुस्ती करण्याची पद्धतही बंद करता येईल. प्रत्येक तालुक्यात दोन-तीन राखीव संच ठेवायचे. तंत्रज्ञाने दोष शोधत न बसता संच बदलून द्यायचा आणि बिघडलेला संच कार्यशाळेत पाठवायचा. यात थोडा माल अडकतो हे खरे, परंतु दहावी-बारावी झालेला स्थानिक मुलगाही हे काम करू शकतो आणि अभियंत्याला पहाटे उठवावे लागत नाही.

वारणेची वाट

राखीव संचांची कल्पना चांगली आहे. एक सूचना: सेवेसाठी स्वतंत्र प्रमुख नेमा, आणि त्याचा फोन क्रमांक सगळ्या केंद्रांना देऊन संस्थापकाचा क्रमांक पावतीवरून व यंत्रावरून काढून टाका. क्रमांक तसाच राहिला तर ग्राहक त्याच्याकडेच जाणार, आणि तोही उचलणार, कारण आपल्याविना चालते हे पाहणे पहिल्या पिढीच्या मालकाला जड जाते. हे मी घरातले उदाहरण पाहून लिहिते आहे.

माणसे टिकवण्यासाठी हल्ली सगळे शेअर देण्याचा सल्ला देतात. जी कंपनी विकायची नाही आणि बाजारातही आणायची नाही, तिचा शेअर घेऊन कामगार काय करणार? तो कागद घेताना करही भरावा लागतो आणि विकत घेणारा कुणी नसतो. आम्ही वर्षाच्या नफ्याचा ठरावीक हिस्सा वाटतो आणि तो कसा काढला हे फळ्यावर लिहून दाखवतो. मुख्य म्हणजे तो हिस्सा विक्रीवर ठेवू नका, वसूल झालेल्या रकमेवर ठेवा. विक्रीवर बक्षीस मिळणारा माणूस उधारीवर माल देऊन मोकळा होतो.

तिरकस

शेवटचा मुद्दा मला पुरता पटला, आणि तेवीस आवृत्त्यांचा आकडा वाचून माझा भांडवलाचा आग्रहही सैल झाला. तेवीस घेऊन दोन राज्यांत शिरले असते तर पन्नास झाल्या असत्या. तरी एक विचारतो: हे आवरणे संपले हे कसे ओळखायचे? नाहीतर "अजून थोडे सुधारू" म्हणता म्हणता पाच वर्षे जातात, आणि तोही मरणाचाच एक प्रकार आहे.

घडीव

रास्त प्रश्न आहे आणि दोघा संस्थापकांशी काल यावरच बोलणे झाले. तीन अटी ठरवल्या आहेत. लागोपाठ दोन तिमाही येणी ७५ दिवसांच्या आत राहिली पाहिजेत. किमान नव्वद टक्के केंद्रांवर एकच सॉफ्टवेअर चालू असले पाहिजे. आणि दोघांपैकी एक जण सलग पंधरा दिवस कार्यालयापासून दूर राहिला तरी कुठलाही निर्णय त्याच्यासाठी अडून राहता कामा नये. या अटी पुऱ्या झाल्या की कर्नाटकाचा विचार सुरू करायचा, तोही बेळगाव आणि निपाणीकडून, म्हणजे कोल्हापूरचाच सेवा विभाग तिथवर पोहोचेल. गुजरात सध्या बाजूला ठेवले आहे. सगळ्यासाठी अठरा महिन्यांची मुदत आहे. तोवर अटी पुऱ्या झाल्या नाहीत तर मीच बाजूला व्हायचे आणि त्यांनी दुसरा सल्लागार पाहायचा, असेही ठरले आहे.

अधिकारांचा ठराव तयार आहे. पन्नास हजारांपर्यंतची खरेदी भांडारप्रमुख आणि लेखापाल यांच्या दोन सह्यांवर होईल. धाकट्या संस्थापकाने यावर बराच वेळ वाद घातला, पण शेवटी मान्य केले. दोघांमधील भागधारकांचा करार मात्र अजून झालेला नाही. एकाने बाहेर पडायचे ठरवले तर त्याच्या हिश्श्याची किंमत कशी काढायची, हे सूत्र दोघांचे संबंध चांगले आहेत तोवरच लिहून घेण्याचा माझा आग्रह आहे.

कृष्णाकाठ यांच्या सांगण्यावरून मागच्या आदेशांचे दिवसही मोजले. १२० पैकी ४६ दिवस बरोबर बिल पोहोचवण्यातच गेले होते.

एक प्रश्न त्यांच्यासाठी. वार्षिक देखभालीचा करार आम्ही आतापर्यंत फुकटासारखाच देत होतो. आता त्याची रक्कम वर्षभराची आगाऊ घ्यायची आहे. ती वर्षाच्या कोणत्या काळात मागावी?

कृष्णाकाठ

दिवाळीच्या आधी अजिबात मागू नका. त्या वेळी संघ उत्पादकांना दरफरक (वर्षभराच्या दुधावरची वाढीव रक्कम) देतात आणि सगळी रोकड तिकडे लागलेली असते. कुणाचेही बिल निघत नाही. उन्हाळ्यातील कृश काळही टाळा, कारण संकलन कमी असते आणि हातचे दूध टिकवण्यासाठी दर वाढवून द्यावा लागतो. डिसेंबर-जानेवारीत संकलन भरपूर असते आणि चालू वर्षाच्या अंदाजपत्रकात खर्ची न पडलेली रक्कमही शिल्लक असते. पत्र नोव्हेंबरच्या अखेरीस द्या, म्हणजे डिसेंबरच्या सभेत विषय येईल.

रक्कम केंद्रवार दाखवा, एकत्रित आकडा देऊ नका. एका केंद्राचा वर्षाचा देखभाल खर्च त्या केंद्राच्या वर्षाच्या संकलनाने भागला की लिटरमागे काही पैसेच निघतील, आणि संचालकांना लिटरमागचा हिशेब लगेच समजतो. पत्रासोबत मागच्या वर्षी त्या संघाच्या किती केंद्रांवर किती वेळा संच बदलून दिला याची यादी जोडा. आणि पत्र कार्यकारी संचालकांच्या नावे असले तरी त्याची प्रत संकलन विभागप्रमुखाला हातात नेऊन द्या. सभेत त्याला विचारले जाणार आहे.